पू झालेली भाजलेली जखम: आधी पाला की आधी दवाखाना?

बावड्याचा गुळव्या: हंगामात गुऱ्हाळावर कुणी ना कुणी भाजतंच. गुळाचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापतो, वर कातडीला चिकटून बसतो. आमच्याकडं त्यावर कोरफड नाहीतर दगडी पाला. आता कॉलेजची पोरंसुद्धा असल्या अर्कानं जंतू मरतात म्हणून प्रोजेक्ट करत्यात. मग डॉक्टर लोक नाक का मुरडतात? माझं मत सरळ आहे. पू झाला तरी आधी पाला, नाही जमलं तर दवाखाना.

मायक्रोवाली: उलटं करा, दादा. असे प्रोजेक्ट मी केलेत. पेट्रीडिशमध्ये, म्हणजे जेली भरलेल्या काचेच्या ताटलीत, जंतू पसरायचे, अर्कात भिजवलेली चकती ठेवायची, दुसऱ्या दिवशी भोवतीचं जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ मोजायचं. अर्क बहुधा मेथॅनॉल नाहीतर इथेनॉलमध्ये काढलेला, तुमच्या पाट्यावर वाटलेल्या रसाशी त्याचा संबंध थोडाच. वर्तुळही फसवं. अर्क अगारमध्ये, म्हणजे त्या जेलीत, किती पसरतो त्यावर ते लहानमोठं होतं. स्टॅफिलोकॉकस हा कातडीवरचा जंतू बऱ्याचदा मरतो, पण भाजलेल्या जखमेतला खरा गुंड स्यूडोमोनास, हिरवट पू करणारा. त्याला बाहेरून जादा आवरण, आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप, आणि जखमेवर चिकट थर करून तो त्यात राहतो. ताटलीत मेला म्हणून तिथंही मरेल असं नाही.

रंकाळ्याचा वैद्य: अर्धं पटलं. पण तुमचं सिल्व्हर सल्फाडायझिन, भाजल्यावर लावायचं दवाखान्यातलं मलम, तरी कुठं निर्दोष आहे? 1968 पासून वापरात, आणि नवी कातडी यायला त्यानं उशीर होतो हे तुमचेच लोक सांगतात. मधावरचा 2015 चा कॉक्रेन आढावा, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अहवाल, बघा, मध्यम खोलीचं भाजणं नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा मधानं लवकर भरलं. मात्र गुळव्यादादांनाही सांगतो, सुश्रुतानं भाजण्याचे चार प्रकार केलेत. अतिदग्धात, म्हणजे सगळ्यात खोल भाजण्यात, आधी सुटलेलं मांस काढायला सांगितलंय, लेप नंतर. पाला थापून वाट बघा असं आयुर्वेद सांगत नाही.

मायक्रोवाली: मध म्हणजे पाला नव्हे, वैद्यबुवा! आणि दवाखान्यातला मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, पोळ्यातून पिळलेला नाही.

ड्रेसिंगवाली सिस्टर: जळून मेलेल्या कातडीला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळं शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक तिथं नीट पोचत नाही. वरून लावायचं चांगलं औषध हवंच, ते वनस्पतीतून मिळालं तर मला आनंदच. पण आज जे येतात त्यांचा वाळलेला हिरवा लगदा आधी भिजवून काढावा लागतो. पू कुठला, पाला कुठला कळत नाही. पेशंट ओरडतो ते वेगळंच. बांधावरच्या पाल्याला माती असते, मातीत धनुर्वाताचे जंतू. ताप आला, कड लाल होऊन पसरायला लागली, वास सुटला की त्याच दिवशी या. आणि भाजल्याबरोबर वीस मिनिटं नळाचं गार पाणी, बर्फ नाही.

बावड्याचा गुळव्या: पाण्याचं पटलं, चुलवाणाजवळ पिंप भरून ठेवतो. पण मजूर रोज ड्रेसिंगला गेला तर त्याची हजेरी कोण देणार? पाला फुकट मिळतो ओ, म्हणून लावत्यात.

मायक्रोवाली: मालकानं द्यायची. पाक उकळायची काहील त्याची आहे.

बावड्याचा गुळव्या: हे आमच्या मालकाला तुम्हीच येऊन सांगा.