हंगामाच्या मध्यावर सुआरेझला सोडणे ॲरिझोनाला परवडणारे आहे का?

फोंडेकर | ३१ जुलै २०२५

नमस्कार. अमेरिकन बेसबॉलमधल्या ॲरिझोना डायमंडबॅक्स संघाने आपला फलंदाज एउहेनिओ सुआरेझला सिॲटल मरिनर्सकडे पाठवले ही बातमी सकाळी वाचली आणि तेव्हापासून मन कशातच लागत नाही. २०२३ साली ॲरिझोनाचा संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, पोहोचला तेव्हापासून मी त्याचे सामने पाहतो. फिनिक्समधला संध्याकाळचा सामना आपल्याकडे सकाळी सातनंतर सुरू होत असल्यामुळे कामावर निघण्याआधी दोन-तीन इनिंग तरी पाहायला मिळतात. ३४ वर्षांच्या या फलंदाजाने यंदा जुलै संपण्याआधीच ३६ होम रन (चेंडू मैदानाबाहेर टोलवलेले फटके) मारले असून ८७ धावा त्याच्या फटक्यांवर आल्या आहेत. एप्रिलमध्ये अटलांटाविरुद्ध त्याने एकाच सामन्यात चार होम रन मारले आणि तरीही संघ तो सामना हरला, हे आठवले की आजही हळहळ वाटते.

त्याच्या बदल्यात फर्स्ट बेस या क्षेत्ररक्षणाच्या जागेवर खेळणारा टायलर लॉकलियर आणि हंटर क्रँटन व हुआन बुर्गोस हे दोन राखीव पिचर (चेंडू टाकणारे) मिळाले. एवढ्या मोठ्या फलंदाजाची किंमत इतकीच का, आणि ज्याला पाठवायचे त्या खेळाडूला या व्यवहारात काहीच विचारले जात नाही का, या दोन गोष्टी जाणकारांनी समजावून सांगाव्यात, ही विनंती.

ताळगावचा वाचक | ३१ जुलै २०२५

फोंडेकर बाब, तुमचे दुःख मी समजू शकतो, परंतु हा निर्णय मला योग्य वाटतो. जूनमध्ये पिचर कॉर्बिन बर्न्सच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली तेव्हाच या संघाच्या आशांना मोठा तडा गेला होता, आणि गेल्या आठवड्यात जॉश नेलरलाही त्याच सिॲटलकडे पाठवले तेव्हा व्यवस्थापनाने यंदाचा हंगाम सोडून दिल्याचे स्पष्ट झाले. सुआरेझचा करार या हंगामाअखेर संपतो. म्हणजे सिॲटलने विकत घेतले आहेत ते ऑगस्ट व सप्टेंबर हे दोन महिने आणि त्यापुढे प्लेऑफ (नियमित हंगामानंतरचे बाद सामने) गाठले तर ऑक्टोबर. किंमत ठरते ती या कालावधीची. त्याच्या ३६ होम रनची नव्हे.

पूर्वी अशा दोन महिन्यांसाठी संघ बरेच काही देत असत. २०११ साली सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने फलंदाज कार्लोस बेल्ट्रानसाठी न्यूयॉर्क मेट्सला झॅक व्हीलर हा तरुण पिचर दिला. बेल्ट्रानने नव्या संघाकडून चांगली फलंदाजी केली, तरीही जायंट्स प्लेऑफला मुकले आणि व्हीलर पुढे या खेळातल्या सर्वोत्तम पिचरांपैकी एक झाला. २०२१ मध्ये टॅम्पा बे संघाने ४१ वर्षांच्या नेल्सन क्रूझसाठी मिनेसोटाला जो रायन हा तरुण पिचर दिला. तो आजही मिनेसोटाचा आधारस्तंभ आहे. अशा उदाहरणांनी शहाणे झालेले संघ आता आपली उत्तम तरुण मुले हातची सोडत नाहीत. सिॲटलनेही आपल्या पहिल्या फळीतल्या एकाही तरुणाला हात लावू दिलेला नाही.

ॲरिझोनापुढे दुसरा मार्ग होता, हे मात्र मान्य करायला हवे. त्याला हंगामभर ठेवून अखेरीस एका वर्षाचा ठरावीक रकमेचा प्रस्ताव द्यायचा आणि तो नाकारून तो दुसरीकडे गेला तर भरपाई म्हणून पुढच्या ड्राफ्टमध्ये (नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) एक जादा निवड मिळवायची, अशी ती सोय आहे. हंगामाच्या मध्यावर संघ बदललेल्या खेळाडूला असा प्रस्ताव देता येत नाही, त्यामुळे सिॲटललाही तो लाभ मिळणार नाही. तथापि, ड्राफ्टमधून निवडलेला मुलगा मोठ्या संघात यायला तीन-चार वर्षे लागतात, तर लॉकलियर उद्यापासून खेळू शकतो. नेलरच्या जाण्याने फर्स्ट बेस मोकळा झालेलाच आहे.

मडगावकर | ३१ जुलै २०२५

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या या सर्वोच्च लीगमध्ये, एकूण दहा वर्षे आणि त्यांपैकी सध्याच्या संघात सलग पाच वर्षे काढलेल्या खेळाडूलाच अशी बदली नाकारण्याचा हक्क मिळतो. अन्यथा करारातच तसे कलम असावे लागते. सुआरेझने २०१४ मध्ये पदार्पण केले असले तरी ॲरिझोनात त्याचे हे दुसरेच वर्ष आहे.

आपल्या फुटबॉलमध्ये खेळाडूची सही झाल्याशिवाय बदली होत नाही, आणि मला तीच पद्धत अधिक माणुसकीची वाटते. २०२१ च्या सुरुवातीला, हंगाम चालू असतानाच, एफसी गोवाने लेनी रॉड्रिग्ससारखा अनुभवी मिडफिल्डर एटीके मोहन बागानला देऊन ग्लॅन मार्टिन्सला आणले होते. दोघेही गोव्याचे, आणि त्या वर्षी साथीमुळे आयएसएलचे सगळे सामने गोव्यातच होत होते, तरीसुद्धा लेनीला दुसऱ्या संघाकडून खेळताना पाहणे आमच्यापैकी अनेकांना जड गेले. इथे तर माणसाला रातोरात हजारभर मैलांवरच्या शहरात जावे लागते. मुलांच्या शाळा, भाड्याचे घर, सगळे मागे राहते.

म्हापशाचा मरिनर | १ ऑगस्ट २०२५

मी सिॲटलचा चाहता आहे आणि मला मनापासून आनंद झाला आहे. सुआरेझ २०२२ आणि २०२३ मध्ये आमच्याकडेच होता. २००१ नंतर पहिल्यांदा, म्हणजे २०२२ मध्ये, आम्ही प्लेऑफ गाठले तेव्हा त्याचे ३१ होम रन होते. २०२३ मध्ये तो २१४ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला आणि पैसे वाचवण्यासाठी व्यवस्थापनाने त्याला ॲरिझोनाला देऊन टाकले. तो निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता. यंदा आमच्या थर्ड बेसवर बेन विल्यमसन झेल-फेक उत्कृष्ट करतो, परंतु त्याच्या बॅटमध्ये ताकद नाही. चिंता दोन आहेत. आमचे मैदान फलंदाजांना फार छळते, आणि या सोमवारीच डेट्रॉइटविरुद्ध चेंडू सुआरेझच्या हाताला लागला आहे. हाड मोडलेले नाही, हे सुदैव.

फोंडेकर | १ ऑगस्ट २०२५

सर्वांचे आभार. करार आणि ड्राफ्टचे गणित आता कळले आणि ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु जिंकण्याची आशा संपल्यावरही ज्याच्यासाठी सकाळी टीव्ही लावावा असा तो एकच खेळाडू उरला होता, आणि उरलेले दोन महिने ॲरिझोनाच्या प्रेक्षकांनी काय पाहायचे, याचे उत्तर त्या गणितात नाही.

म्हापशाचा मरिनर | २२ ऑक्टोबर २०२५

हा धागा पुन्हा वर आणतो आहे, कारण आता हिशेब मांडता येतो. नियमित हंगामात सुआरेझने आमच्याकडून ५३ सामन्यांत १३ होम रन मारले, पण फलंदाजीची सरासरी केवळ .१८९ (शंभरात जेमतेम १९ यशस्वी फटके) राहिली. भीती खरी ठरली, हे लपवण्यात अर्थ नाही. नंतर टोरांटोविरुद्धच्या अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला पाचवा सामना आला. मालिका २-२ अशी बरोबरीत होती. आठव्या इनिंगमध्ये आमच्या कॅल रॅलीच्या होम रनने धावसंख्येत बरोबरी झाली आणि त्याच इनिंगमध्ये सुआरेझने ग्रँड स्लॅम (एकदम चार धावा देणारा होम रन) मारला. त्या दिवशीचा तो त्याचा दुसरा होम रन होता. आपल्याकडे धनत्रयोदशीची पहाट होती, आणि मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारचे काका चौकशीला आले.

पुढचे दोन्ही सामने आम्ही हरलो. नरकासुराचे दहन आटोपून घरी आलो तोवर सहावा सामना हातातून जात होता, आणि सातवा ४-३ असा गेला. सिॲटलने आजवर वर्ल्ड सिरीज पाहिलेली नाही, ती यंदाही पाहिली नाही. तरीही ताळगावच्या भाऊंचा नियम लावला, तर विकत घेतलेल्या काळातली ती एक सकाळ तीन तरुणांपेक्षा मला अधिक मोलाची वाटते. त्याचा करार आता संपतो आहे. सिॲटलने त्याला परत घ्यावे, परंतु एकाच वर्षासाठी. वाढते वय आणि वाढते स्ट्राइकआउट पाहता त्याहून लांबचा करार करू नये, असे माझे मत आहे.