५०२ आणि फायरवॉल
अंधेरीच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर ५०२ येतोय, म्हणजे मधल्या वेब सर्व्हरला मागच्या अ‍ॅपकडून नीट उत्तर मिळत नाही. तो फायरवॉलमुळे (नेटवर्कची ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्यामुळे) येतोय असं एकाने म्हटलंय. तुमच्या लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींमध्ये) ‘१११: कनेक्शन रिफ्यूज्ड’ आहे, म्हणजे आधी फायरवॉलवर बोट नको. फायरवॉल सहसा पॅकेट (डेटाचे तुकडे) मुकाट गिळतो. मग एनजिनेक्स, म्हणजे विनंत्या अ‍ॅपकडे पोचवणारा तो मधला वेब सर्व्हर, डीफॉल्ट ६० सेकंद थांबून ५०४ (वेळेत उत्तर नाही) देतो. रिफ्यूज्ड म्हणजे त्या पत्त्यावर, त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. एनजिनेक्स आणि अ‍ॅप दोन्ही डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणारं साधन) आहेत ना? खरी गोम तिथेच. एनजिनेक्सच्या कंटेनरात १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतः! प्रॉक्सी-पासमध्ये (विनंती कुठे पाठवायची ते सांगणाऱ्या एनजिनेक्सच्या ओळीत) अ‍ॅपच्या डॉकरमधल्या सर्व्हिसचं नाव लिहा आणि अ‍ॅप ०.०.०.० वर, म्हणजे कंटेनरच्या सगळ्या पत्त्यांवर, ऐकू द्या. अ‍ॅपचा कंटेनर नव्याने बनवलात, तर एनजिनेक्स रीलोडही करा. नाहीतर तो जुन्याच आयपीचं दार ठोठावत बसतो.