कोब्यावरचा जुना ऑइलपेंट निघता निघेना

सांगलीच्या घरात मागची १० बाय १२ची खोली कोब्याची आहे. बाबा दर दिवाळीला त्यावर लाल ऑइलपेंट मारायचे, त्यामुळे थर किती ते देवच जाणे. आता टाइल्स बसवायच्यात. मिस्त्री म्हणाला, अॅसिड ओता. दोन बाटल्या ओतल्या. खोकून जीव गेला, रंग ढिम्म! वरूनच सिमेंटचा माल टाकू का?

उत्तर १
अजिबात नको. माल रंगाला धरेल, कोब्याला नाही. रंग सुटला की टाइल पोकळ वाजणार. अॅसिड सिमेंट खातं, ऑइलपेंट नाही. आधी भरपूर पाण्याने धुऊन काढा. वाळल्यावर ग्राइंडरला डायमंड कप व्हील (कोबा घासायची वाटीसारखी चकती) लावा, शक्यतो व्हॅक्यूम जोडलेला भाड्याने आणा. कोपऱ्यांत छिन्नी-हातोडीच. नुसते टोचे मारून भागवू नका, मधला रंग तसाच राहतो.

उत्तर २
धूळ सांभाळा हो. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली, तुमचे थर त्याआधीचे, म्हणजे धुळीत विषारी शिसं असू शकतं. एन-९५ मास्क हवाच, पोरांना तिकडे फिरकू देऊ नका. झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा.

प्रश्नकर्ता
दीड दिवस ग्राइंडर चालवला. खाली हिरवा थरही निघाला, तो आजोबांचा! पाण्याचे थेंब टाकून पाहिले: मधोमध लगेच जिरले, उंबऱ्यापाशी मोत्यासारखे उभे. म्हणजे तिथे रंग उरलाय, अजून घासायचंय.