मदत हवी आहे: बेस गिटारसाठी काँबो घेऊ की हेड आणि कॅबिनेट?

मंडळी, पाच तारांची बेस वाजवतो. बँडमध्ये ड्रम्स, दोन गिटार आणि कीबोर्ड. कार्यक्रम दादरपासून डोंबिवलीपर्यंत कुठेही, प्रवास लोकलने किंवा रिक्षाने, आणि घर लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर. त्यामुळे वजन हाच मोठा प्रश्न.

सध्याचा ४० वॅटचा काँबो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) सरावाला पुरतो, पण ड्रमर रंगात आला की बेस गायब. आवाज वाढवला की खालची बी, म्हणजे साधारण ३१ हर्ट्झची सर्वांत जाड तार, नुसती फडफडते. डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल मिक्सरला देणारी डबी) थेट पीएला, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या साउंड सिस्टिमला, देऊन पाहिलं. प्रेक्षकांत छान येतं, पण स्टेजवर मला स्वतःलाच ऐकू येत नाही. मॉनिटर, म्हणजे स्टेजवरच्यांना ऐकू येण्यासाठीचा स्पीकर, बहुतेक वेळा गायकाकडे असतो. सराव खोलीतला १५ इंची काँबो आवडला, पण तो एकट्याने उचलवत नाही.

दोन पर्याय आहेत. फेंडर रंबल ५०० सारखा दोन १० इंची स्पीकरचा काँबो, किंवा क्लास डी (वजनाला हलक्या प्रकारचं) हेड, म्हणजे नुसता अ‍ॅम्प, आणि ८ ओहम रोधाचं एक १२ इंची कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी. पुढे तसंच दुसरं जोडून ४ ओहम करायचं. मन दुसरीकडे ओढतंय. बजेट ७० हजार, सेकंडहँड चालेल.

रेकॉर्डिंग घरीच, रात्री, कॉम्प्युटरला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसमधून. म्हणून स्पीकर न जोडता चालणारं हेड, स्वच्छ डीआय आउट आणि प्री-पोस्ट बटण (सिग्नल टोन कंट्रोलच्या आधी घ्यायचा की नंतर) हवंच.

८ ओहमवर ५०० वॅटचं हेड पूर्ण ताकद देत नाही, हे माहीत आहे. तरी अशा बँडमध्ये एकच १२ इंची कॅबिनेट खालच्या बीसकट स्टेजवर पुरतं का? आणि मुंबई-ठाण्यात स्वतःची बेस नेऊन मोठ्या आवाजात वाजवून बघू देणारं दुकान कुठलं?