रूढीवर कथा लिहिणाऱ्यांसाठी: कोकणात साप-विंचू ‘उतरवतात’ तेव्हा नेमकं काय घडतं?

दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू झाली की अंधश्रद्धेवरच्या कथा येऊ लागतात. मांत्रिक लबाड, गावकरी अडाणी, मुंबईहून आलेला मुलगा तेवढा शहाणा आणि शेवटी एक मृत्यू. कोकणातली घातक रूढी अशी नसते. ती टिकते, कारण बहुतेक वेळा माणूस वाचतो. कथेत हे यायला हवं असेल तर आधी तपशील पक्के हवेत. म्हणून जाणकारांना विनंती: काय करतात, का करतात आणि कुठे बिघडतं, ते लिहा. रुग्णांच्या ओळखी आणि स्वतःच्या कहाण्या नकोत. आलेली उत्तरं लिहिणाऱ्यांच्या टोपणनावांखाली दिली आहेत.

सड्यावरचा (साप पकडून सोडण्याचं काम, देवगड पट्टा)

मंत्राने विष उतरवणाऱ्याचं यश कुठून येतं ते आधी बघा. भाताच्या खाचरात पायाला चावतो तो पुष्कळदा दिवड असतो. घराच्या भिंतीवर सापडतो तो कवड्या. दोघेही बिनविषारी. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही, नुसते दात लागून जातात. अशी सगळी माणसं मंत्राविना बरी होणारच असतात. त्यांची नावं गावाला पाठ असतात. जो गेला त्याच्याबद्दल ‘त्याची वेळ भरली होती’ म्हणतात, आणि तो हिशेबातून सुटतो.

आता फुरसं. आमच्या जांभ्याच्या सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) दगडाखाली, गवतात, काजूच्या पाचोळ्यात हा साप सापडतो. लांबी दीड-दोन फूट, डोक्यावर पक्ष्याच्या पावलासारखी खूण. डिवचलं की वेटोळी घासून खरखर आवाज काढतो. गवत कापताना, काजू वेचताना, चिरे उचलताना हाताच्या बोटांना चावतो. याचं विष रक्ताची गोठण्याची शक्ती मोडतं, आणि ते काम सावकाश चालतं. चावलेला माणूस बोलतो, चालतो, जेवतो. रात्र सरली की उतरवणारा ‘विष उतरलं’ म्हणून मोकळा होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते, कधी मेंदूत रक्तस्राव होतो. तोवर श्रेय वाटून झालेलं असतं. कथाकाराने पकडायची जागा हीच आहे असं मला ठामपणे वाटतं.

मिरची तिखट लागते का, कडुलिंबाचा पाला कडू लागतो का, यावरून विष ठरवतात. जिभेच्या चवीचा विषाशी काही संबंध नाही. जखमेला कोंबडीचं पिल्लू लावणं, काळा दगड चिकटवणं यांचंही तेच. ब्लेडने चिरणं मात्र नुसतं निरुपयोगी नाही. फुरशाच्या चाव्यात रक्त गोठत नसताना चीर दिली तर ती वाहतच राहते.

रात्रपाळी (परिचारिका, ग्रामीण रुग्णालय)

आवळून बांधलेल्या दोरीबद्दल लिहिते, कारण ती जवळजवळ प्रत्येक कथेत असते आणि नायकच बांधतो. घट्ट दोरीने रक्तपुरवठा तुटतो. फुरसं आणि घोणस यांचं विष आधीच जागचं मांस कुजवतं, त्यात दोरी पडली की बोट किंवा पंजा काळा पडू शकतो. दोरी बांधूनच रुग्ण आला तर ती दारातच सोडत नाहीत. सलाइन लावून, औषधं तयार ठेवून मग सोडतात, कारण अडलेलं विष एकदम अंगात पसरू शकतं.

खरा प्रथमोपचार कथेत फार नाट्यमय दिसणार नाही. रुग्णाला चालवायचं नाही. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढायचे, सूज आल्यावर ते निघत नाहीत. हात किंवा पाय फळीला सैल कापडाने बांधून हलू द्यायचा नाही. १०८ ला फोन करायचा, नाहीतर मिळेल त्या गाडीने निघायचं. साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर लक्षणांवरून उपचार होतात.

रुग्णालयात पहिली परीक्षा अगदी साधी असते. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २ मिलि ताजं रक्त घेतात आणि २० मिनिटं नळी हलवत नाहीत. मग एकदाच तिरकी करतात. रक्त ओघळलं तर विष भिनलं आहे. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची असेल तर निकाल फसवतो. विष भिनलं असेल तर प्रतिसर्पविषाच्या सुरुवातीला ८ ते १० कुप्या सलाइनमधून साधारण तासाभरात देतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. हे औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. त्याची तीव्र अॅलर्जी येऊ शकते, म्हणून अॅड्रेनलिन भरून हाताशी असतं. ६ तासांनी पुन्हा नळी. एका इंजेक्शनने डोळे उघडणारा रुग्ण कृपा करून लिहू नका. तसं वाचून नातेवाईक दुसऱ्या तासाला ‘अजून बरं का नाही’ म्हणत रुग्णाला उचलून परत मांत्रिकाकडे नेतात.

माजघर

मण्यार राहिली. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. ‘बाहेरचं काहीतरी लागलं’ असं म्हणून नारळ उतरवले जातात ते याच वेळी. पापण्या पडायला लागल्या की श्वास थांबण्याची भीती असते, एवढं घरात ठाऊक हवं. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा स्वस्त उपाय.

सावित्रीकाठ (प्राथमिक आरोग्य केंद्र, रायगड)

लाल विंचवाच्या बाबतीत वेदना फसवते. नुसती जागच्या जागी जबर आग होत असेल आणि बाकी काही नसेल, तर ती बहुधा काही तासांत आपोआप कमी होते. आघाड्याची मुळी आणि मंत्र यांना श्रेय मिळतं ते इथे. धोक्याची लक्षणं वेगळी असतात: उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, मुलग्यांमध्ये लिंग ताठरणं. पुढे रक्तदाब चढतो, फुप्फुसात पाणी भरतं, गुलाबी फेस येतो. उतरवणारा विचारतो ‘दुखणं कुठपर्यंत उतरलं?’ विचारायला हवं ते ‘पाय गार आहेत का?’

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध यावर उपयोगी पडतं हे दाखवून दिलं. मुलांना वजनाच्या किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, हातपाय ऊबदार होईपर्यंत दर ३ तासांनी. औषध दिल्यावर मुलाला उचलून उभं करायचं नाही, रक्तदाब एकदम पडतो. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीतच व्हायला हवं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. रायगडात आजही विंचवावर कथा लिहायची तर हे माहीत नसून चालणार नाही.

बारापाच

देवळातला भाग कोणी लिहिला नाही. देवाच्या मूर्तीला कळे (फुलांच्या कळ्या) लावून, ते कुठल्या बाजूला पडतात यावरून कौल घेतात: डॉक्टरकडे न्यायचं की इथेच बघायचं? कौल पटकन मिळाला नाही तर पुन्हा गाऱ्हाणं (देवाला साकडं), पुन्हा कळे. विष भिनतं ते या वेळात. कोणी वाईट वागत नसतं. गुरव, मानकरी, शेजारी, सगळे मनापासून धडपडत असतात, आणि म्हणूनच मध्ये बोलायला जीभ रेटत नाही. तिथे देवाशी भांडण मांडलं की घरचे हट्टाला पेटतात. उपयोगी पडतं ते मानकऱ्याच्या तोंडून आलेलं एक वाक्य: ‘गाडी आधी जावंदे, गाऱ्हाणा मागसून घालूया.’ क्रम बदलला की पुरे. यासाठी गुरवाशी पावसाच्या आधीच बोलून ठेवावं, त्या रात्री कोणी ऐकत नाही.

कोर्ट-कचेरी

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू, कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये, आणि गुन्हा अजामीनपात्र. ‘रोखून’ हा शब्द महत्त्वाचा. गाडी निघाल्यावर घरी घातलेलं गाऱ्हाणं या कलमात येत नाही. त्यामुळे मंत्र पुटपुटला म्हणून पोलीस बेड्या घालतात असा शेवट लिहू नये. रुग्णाला कोणी अडवलं, किती वेळ अडवलं, कोणी ऐकलं, यावर प्रकरण उभं राहतं.

कथाकार, वेंगुर्ला

वरचं सगळं वाचून कथा लिहिणाऱ्यांना एक सांगतो: मृत्यूने सुरुवात करू नका. आधी तीन माणसं वाचवा. एकाला दिवड, एकाला कवड्या, एकाला नुसते दात लागलेलं फुरसं. वाचकाचाही उतरवणाऱ्यावर विश्वास बसू दे, त्याला तो आवडू दे. तो पैसेही घेत नसेल. चौथ्या वेळी सगळं तेच, तीच माणसं, तीच माया, फक्त साप वेगळा. आणि विष ओढून थुंकणारा नायक कायमचा काढून टाका. तोंडाने ओढून विष निघत नाही. पडद्यावर पाहिलेलं लोक अजून करतात.

रात्रपाळी

वर कायद्यात कुत्रा चावण्याचा उल्लेख आला म्हणून थोडक्यात. चावलेल्या जागी मिरची, चुना, हळद काही नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी पहिली लस. कातडी फुटून रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजविरोधी सीरमही. दंडात लस घेतली तर दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपचार उरत नाही, म्हणून ‘बघू दोन दिवस’ हे इथे अजिबात चालत नाही.

आणि निघतानाच रुग्णालयाला फोन करून प्रतिसर्पविष शिल्लक आहे का ते विचारा. वाटेत उलटी झाली तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा.