पन्नाशीत इटालियन सिनेमा कळतो, की फक्त सोसतो?

तळेगावकर
परवा एका सिनेमाप्रेमी महाशयांनी लिहिलं, "पन्नाशी उलटली की लोकांना अचानक काळेपांढरे इटालियन सिनेमे आवडू लागतात. गुडघे दुखायला लागले की संथ सिनेमा सोसतो, एवढाच त्याचा अर्थ." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मला हसू आलं नाही, म्हणून हा धागा.

'बायसिकल थीव्ज' मी विशीत फिल्म क्लबात पाहिला होता. सायकल चोरीला जाते, सापडत नाही, संपलं. १९४८चा आहे, थोर आहे, हे आधीच बजावलेलं असल्याने बाहेर येऊन मीही मान डोलावली. गेल्या वर्षी पुन्हा लावला आणि सुरुवातीलाच अडकलो. गहाण पडलेली सायकल सोडवायला बायको अंथरुणावरच्या चादरी ओढून काढते आणि त्या गहाण ठेवते. तिथला माणूस ते गाठोडं घेऊन फळ्यांवर चढत जातो, आणि पार छतापर्यंत असलीच गाठोडी. कोणी काही बोलत नाही. विशीत हे मला दिसलंच नव्हतं. पुढे बायकोच्या पाटल्या ठेवायची वेळ आली, तेव्हा तो काउंटर काय असतो ते कळलं.

आणि संथ कुठून? बाप पोराच्या थोबाडीत मारतो, जरा वेळाने नदीत कोणी पोरगा बुडाल्याचा गलका ऐकून जिवाच्या आकांताने धावतो, तो दुसराच निघतो, मग ऐपत नसताना आपल्या पोराला, ब्रुनोला, हॉटेलात जेवायला नेतो. इतकं सगळं काही मिनिटांत. पोरगं हाताशी असल्याशिवाय ही धावपळ कळत नाही, हे माझं ठाम मत.

रात्रपाळी
काका, आदर ठेवून सांगतो, हे जरा अतीच. सत्यजित राय १९५० मध्ये नोकरीनिमित्त लंडनला गेले, तिथे हाच सिनेमा पाहिला आणि आपण सिनेमा करायचा हे पक्कं केलं. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. 'ला स्त्रादा' आला तेव्हा त्याचा दिग्दर्शक फेलिनी ३४ वर्षांचा. करणारा तरुण चालतो, पाहणाऱ्याला मात्र पाटल्या गहाण टाकल्याचा दाखला हवा? मी २६चा आहे, 'उंबेर्तो डी' पाहून रडलो. माझं रडणं धरायचं की नाही?

निमसरकारी
'उंबेर्तो डी'चं नाव निघालंच आहे तर ऐका. १९५२चा सिनेमा, आणि सुरुवात कशाने? पेन्शन वाढवा म्हणून म्हाताऱ्यांचा मोर्चा! परवानगी नाही म्हणून पोलीस हुसकावून लावतात. आमच्या ईपीएस-९५ वाल्यांनी, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेतल्या म्हाताऱ्यांनी, आणखी वेगळं काय भोगलं? २०१४ मध्ये किमान पेन्शन १००० रुपये केली, महिन्याला. त्यात औषधं आणून दाखवा कोणीतरी. आंदोलनाला गेलो की नातू विचारतो, आजोबा, उन्हात कशाला जाता.

सिनेमातला म्हातारा भीक मागायला हात पुढे करतो, कोणी द्यायला लागतं तसा तळहात उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का ते बघतोय. ज्याला दर महिन्याला बँकेत पासबुक भरून बघावं लागतं त्यालाच हे समजेल. रात्रपाळी, तुमचं रडणं धरू. व्याजासकट धरू.

कडू कारलं
झालं, पेन्शन आली. आता मूळ मुद्दा. असला सिनेमा खुद्द इटालियनांनी फारसा पाहिला नाही. 'उंबेर्तो डी' तिकीट खिडकीवर आपटला. सरकारातल्या आंद्रेओत्तींनी तर देशाची अब्रू घालवता म्हणून या दोन्ही सिनेमांच्या दिग्दर्शकाचे, दे सिकाचे, जाहीर कान उपटले. गरिबाला गरिबी बघायची नसते, ती बघायला क्लबातले लोक लागतात.

शिवाय तुम्ही पाहिलात कशात? फुकटच्या इंग्रजी डबिंगमध्ये ना? मूळ आवाज ऐकला नाही त्याने आस्वादाच्या गप्पा मारू नयेत.

शेवटची लोकल
मूळ आवाज! कुठला मूळ आवाज? 'ला स्त्रादा'मध्ये हॉलिवूडचा नट अँथनी क्विन सेटवर इंग्रजी बोलत होता. पडद्यावर त्याच्या तोंडी जो इटालियन आवाज आहे, तो आर्नोल्दो फोआ या दुसऱ्याच नटाचा. फेलिनी तर नटांना नुसते आकडे म्हणायला लावायचा, संवाद मागाहून. १९६३च्या 'इल गात्तोपार्दो'त बर्ट लँकेस्टरचंही तेच. ज्याला तुम्ही मूळ म्हणून पूजता तेच डबिंग आहे, कारलेसाहेब.

कडू कारलं
अर्धवट माहिती. 'ला तेर्रा त्रेमा' बघा, १९४८, दिग्दर्शक व्हिस्कोंती. सिसिलीतल्या आची त्रेत्झा गावचे खरे कोळी, त्यांची खरी सिसिलियन बोली. तिथे आवाज काढून दुसरा लावा, काय उरतं?

शेवटची लोकल
आणि ती बोली बाकीच्या इटलीला कळेना म्हणून वरून इटालियन निवेदन चिकटवावं लागलं. म्हणजे तिथेही मध्यस्थ आलाच! तुमच्यासारख्यांनी क्लबात आमच्यासारख्यांना गप्प बसवून ठेवलं म्हणून माझी निम्मी हयात हे सिनेमे न बघता गेली.

कडू कारलं
मी कोणाचं तोंड धरलं नव्हतं. तुमचा न्यूनगंड माझ्या नावावर खपवू नका.

तळेगावकर
मंडळी, डबिंगसाठी वेगळा धागा काढा. मी इंग्रजी सबटायटल्सवर पाहिला, झालं समाधान?

सुपारी
मला एक सांगा, पन्नाशीत कळला म्हणणारे सगळे पुरुषच का? बाप, म्हातारा, पेन्शन, म्हाताऱ्याचा कुत्रा. 'उंबेर्तो डी'मधली मोलकरीण पोर आठवली का कोणाला? पहाटे उठते, भिंतीवरच्या मुंग्या पाण्याने हाकलते, कॉफी दळायला बसते, बसल्या बसल्या पाय लांबवून दार लोटते. पोटाशी आहे आणि बाप दोन सैनिकांपैकी कोण ते तिलाही ठाऊक नाही. तिच्या वयाची असताना तो प्रसंग मला कंटाळवाणा वाटला होता. मग वर्षानुवर्षं घरात सगळ्यांच्या आधी उठले. तेव्हा तळेगावकरांचं म्हणणं थोडंसं खरं आहे, पण त्यांच्या पाटल्यांमुळे नाही. आणि त्या पाटल्या बायकोच्या होत्या. तिने पाहिला का सिनेमा?

रोस्सेलिनीचा 'व्हियाज्जो इन इतालिया' (१९५४) मात्र मी नवऱ्याबरोबर बघू नये तेव्हा बघितला. पॉम्पेईत राखेतून एक जोडपं उकरून निघतं आणि इंग्रिड बर्गमन कोसळते, तिथे हे म्हणाले, "चहा टाकतेस का?"

रात्रपाळी
ताई, हे पहिलं उत्तर जे मला पटलं. ठीक आहे, काका, वयाने काहीतरी दिसतं. पण मग आत्ता मला दिसतंय ते तुम्हाला दिसायचं बंद झालेलं असू शकतं, हेही लिहा. अंतोनिओनीच्या 'लावेंतुरा'ला १९६० मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात लोकांनी हुर्यो केली. हरवलेली मुलगी सापडतच नाही म्हणून तुम्हीही कराल.

तळेगावकर
'लावेंतुरा' दोनदा अर्ध्यावर बंद केलाय. तुमचा मुद्दा लिहून घेतला, आता खूश व्हा.

बायकोने पाहिला नाही. विचारलं आत्ताच. म्हणाली, चादरींचं सांगितलंस तेवढं पुरे.

कडू कारलं
क्विनचं अजून माझं संपलेलं नाही. तो सेटवर इंग्रजी बोलत होता आणि समोर नायिका ज्युलिएत्ता मासिना इटालियन, तरीही ती...

शेवटची लोकल
नवीन धागा काढा हो!