अनुभव धागा : स्कीइंगचे हातमोजे आणि कपडे, ठाणे-नवी मुंबईतून तयारी करताना

दिवाळी उरकली की गुलमर्ग, औली, सोलांग या स्कीइंगच्या ठिकाणांच्या चौकशा सुरू होतात आणि पहिला प्रश्न एकच असतो : हातमोजे कुठले घेऊ? ठाण्यात कडाक्याची थंडी म्हणजे पहाटेचे १५-१६ अंश. त्यामुळे इथल्या दुकानात मोजा घालून बघितला तर तो उबदारच वाटतो, कळत काहीच नाही. गुलमर्गचा पायथा साधारण २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा (केबल कारचा) वरचा टप्पा ३,९०० मीटरच्या पुढे. दर हजार मीटरला साडेसहा अंश उतरतात असं धरलं तरी वर-खाली आठ अंशांचा फरक, त्यात वारा वेगळा. जाणकारांनी कृपया लिहावं. सहलीचं वर्णन नको. माप, कापड, शिवण, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच. (खाली प्रत्येक उत्तरावर नावाऐवजी लिहिणाऱ्याचं राहण्याचं ठिकाण आहे.) – कळव्याहून

येऊर

आधी हातमोज्याच्या आत काय असतं ते बघू. बाहेर नायलॉन किंवा चामडं, मध्ये पाणी अडवणाऱ्या पातळ पडद्याची एक वेगळी पिशवी, आत उबेचा थर आणि अस्तर. ही पिशवी बोटांच्या टोकाशी गोंदाने किंवा दोन टाक्यांनी बाहेरच्या कापडाला धरलेली असते. स्वस्त मोज्यात नेमकी हीच जागा सुटते. ओला हात ओढून काढला की अस्तर बोटाबरोबर उलटं बाहेर येतं आणि परत घालताना बोट अर्ध्यावर अडतं. मग चेअरलिफ्टच्या (उतारावर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्यांच्या) रांगेत उघड्या हाताने दहा मिनिटं झटापट चालते आणि हात तिथेच गारठतो.

दुकानात मोजा घातल्यावर आतलं अस्तर दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून, एकेका बोटाचं, हलकं ओढून बघा. सरकलं तर तो मोजा ठेवून द्या. चांगल्या मोज्याचंही अस्तर जपावं लागतं : काढताना आधी प्रत्येक बोटाचं टोक बाहेरून थोडं ओढून सैल करायचं, मग हात काढायचा. उलटं झालंच तर लाटण्याच्या बारीक टोकाने किंवा पेन्सिलच्या बोथट बाजूने एकेक बोट आत ढकला. टोकदार काही वापरू नका, पडद्याला भोक पडतं.

मापासाठी शिंप्याचा टेप घ्या. ज्या हाताने लिहिता त्या हाताच्या बोटांच्या मुळाशी, अंगठा सोडून, घेर मोजा. साधारण १७.८ सेंमी. म्हणजे ७ नंबर, २०.३ म्हणजे ८, २२.९ म्हणजे ९. मधलं माप आलं तर मोठा नंबर. घालून मूठ वळा : बोटांच्या सांध्यांवर कापड ताणलं जाता कामा नये आणि टोकाशी ५ मिमी जागा उरली पाहिजे. हात गार पडायचं सर्वांत मोठं कारण पातळ मोजा हे नाही. आवळ मोजा आणि आतली ओल ही खरी कारणं. आवळल्यावर रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि उबेच्या थरातली हवाही दाबली जाते.

पारसिक हिल

बोटांचा मोजा की मिटन, यावर लिहितो. मिटनमध्ये अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र राहतात म्हणून ती सर्वांत उबदार. पण शिकणाऱ्या माणसाला बुटाचे बक्कल, हेल्मेटचा पट्टा, गॉगल, जॅकेटची चेन असं सारखं काही ना काही करावं लागतं. तेवढ्यासाठी दर वेळी मिटन काढली की आत बर्फ जातो. म्हणून आत मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ मोजा आणि वर मिटन, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. काम करताना पातळ मोजा हातातच राहतो. मात्र मोजमाप पातळ मोजा घालूनच घ्या, नाहीतर वर येऊरकरांनी सांगितलेला आवळपणा येणारच. पातळ मोज्याचे दोन जोड न्या, दुपारी बदलायला.

तळवा चामड्याचा असावा, शक्यतो बकरीच्या. ड्रॅग लिफ्टचा (स्कीवर उभ्या माणसाला चढावर ओढून नेणाऱ्या दोराचा) दांडा धरताना आणि स्की खांद्यावर घेताना तिची पोलादी कड हातात येते, तेव्हा नुसतं नायलॉन लवकर झिजतं. मनगटाला अडकवायची दोरी नसेल तर नाडी शिवून घ्या. वाऱ्यात गोंडोलाच्या रांगेत निसटलेला मोजा दरीत जातो.

मनगट हा खरा दरवाजा. आपण पडतो तेव्हा हात पुढे टेकतो आणि बर्फ बाहीत वर सरकतो. लांब नळीचा मोजा असेल तर तो बाहीवरून घ्या आणि दोरी ओढा. आखूड असेल तर बाहीच्या आत घालून बाहीचा वेल्क्रो आवळा. दोन्हींचं मधलं काहीतरी झालं तर दुपारपर्यंत आतलं अस्तर भिजलेलंच समजा.

तळोजा

इकडे कोल्ड स्टोरेजच्या कामासाठी उणे १८ अंशांत वापरायचे हातमोजे सहज मिळतात, किमतीतही परवडतात. "उणे १८ ला चालतात तर गुलमर्गला का नाही?" असं बरेच जण विचारतात. कारण ती थंडी कोरडी असते. खोकी उचलायची, बाहेर यायचं. त्या मोज्यांना पाणी अडवायचा पडदा बहुधा नसतोच. हातातला बर्फ शरीराच्या उबेने वितळला की पाणी सरळ आत. पाण्यातून उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने निघून जाते, त्यामुळे भिजलेला जाड मोजा कोरड्या पातळ मोज्यापेक्षाही वाईट.

पावसाळी बाइकचे हातमोजे याच्या उलट. पाणी अडतं, पण उबेचा थर नाही. आत भांडी घासायचे रबरी मोजे घालायची युक्ती कोणी सांगेल, ती करू नका. घाम बाहेर जात नाही आणि अर्ध्या तासात हात आतूनच ओले होतात.

घरी चाचणी अशी करा. मोज्याच्या प्रत्येक बोटात टिश्यू पेपरची सुरळी टोकापर्यंत घाला, तोंड वर धरून मोजा मनगटापर्यंत बादलीत १० मिनिटं दाबून ठेवा. बाहेर काढून पुसा आणि सुरळ्या तपासा. जिथली सुरळी भिजली तिथला पडदा किंवा त्याची शिवण फुटली आहे. बाहेरचं कापड ओलं झालं म्हणजे मोजा गळतो असं मात्र समजू नका, ते वेगळं. उबेसाठी पातळ मोजा आणि मुख्य मोजा घालून फ्रीजरमधलं बर्फाचं अर्धा किलोचं पाकीट ५ मिनिटं मुठीत धरा. एका जागी टोचायला लागलं तर तिथे भरण विरळ आहे.

घोडबंदर रोड

तळोजाकरांनी "ते वेगळं" म्हणून सोडलेला मुद्दा जॅकेट-पँटलाही लागू आहे, तो पूर्ण करते.

लेबलवर १०,००० मिमी असा आकडा असतो. म्हणजे कापडावर दहा मीटर पाण्याचा स्तंभ उभा केला तरी गळत नाही, साधारण दर चौ. सेंमी.ला एक किलो दाब. एवढा कशाला लागतो? ७० किलोचा माणूस बर्फात एक गुडघा टेकतो. टेकणारी जागा ५० चौ. सेंमी. धरा आणि निम्मा भार धरा, तरी ०.७ किलो, म्हणजे ७,००० मिमी. म्हणून ५,००० ची पँट गुडघ्यावर आणि लिफ्टच्या ओल्या सीटवर हरते, तर तेवढ्याच आकड्याचं जॅकेट हलक्या बर्फात निभावून नेतं. पैसे कमी असतील तर जास्त आकडा पँटला द्या. दुसरा आकडा वाफ बाहेर जाण्याचा, २४ तासांत चौरस मीटरमागे किती ग्रॅम. शिकताना उठबस खूप होते, घाम येतो, त्यामुळे तोही १०,००० च्या आसपास हवा. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते बघा. फक्त खांदा आणि टोपीच्या शिवणींवर असेल तर दिवसभराच्या ओल्या बर्फाला ते अपुरं.

आणि सर्वांत वर जो थेंब घरंगळवणारा लेप असतो तो झिजतो. मग बाहेरचं कापड पाणी पितं, जड होतं आणि वाफ आतच अडते. पडदा शाबूत असतो, तरी आत ओल येते. माणसाला वाटतं जॅकेट गळतंय. ती असते घामाची ओल.

पँटच्या आत बुटावरून ओढायची रबरी झालर आणि जॅकेटला कमरेशी बर्फ अडवणारा पट्टा, दोन्ही हवेच. हे नसलेलं जॅकेट कितीही महागडं असलं तरी ते स्कीइंगचं नव्हे.

नौपाडा

जांभळी नाक्यावर "थर्मल" म्हणून मिळतं त्यात सुती मिश्रण असतं. लेबल वाचा. प्रवासात बसून राहायला छान, पण उठबस करून घाम आला की सूत तो धरून ठेवतं आणि थांबल्यावर पाठ बर्फ होते. अंगालगत पॉलिस्टर किंवा मेरिनो, त्यावर १०० किंवा २०० वजनाची (चौरस मीटरमागे साधारण तेवढे ग्रॅम) फ्लीस, म्हणजे पॉलिस्टरचं लोकरीसारखं मऊ कापड, वर पाणी अडवणारं कवच. जाड स्वेटर-जॅकेटपेक्षा हे तीन थर बरे, कारण मधला काढता-घालता येतो. सुती बनियन आणि जीन्स घरीच.

पायात एकच मोजा, गुडघ्यापर्यंतचा. दोन घातले तर बुटात पाय आवळतो, मोजा दुमडतो, फोड येतो. थर्मलची पँट बुटात जाता कामा नये, नडगीवर वळ उठतात. पोटरीपर्यंतचीच घ्या किंवा वर दुमडा.

स्की, बूट, काठ्या तिथे भाड्याने मिळतात. हातमोजे मात्र स्वतःचे न्या. भाड्याचे बरेचदा आदल्या दिवशीच्या ओलीसकट मिळतात.

खारघर

मुलांसाठी : बाजूला चेन असलेली मिटन घ्या. मुलाचं बोट योग्य खोबणीत घालत बसण्यात सकाळ जाते. दर अर्ध्या तासाने मोजा काढून बोटांची टोकं बघा, कारण मूल खेळात असेल तर सांगत नाही. पांढरट आणि बधिर दिसली तर लगेच आत न्या, काखेत धरा. चोळायचं नाही, बर्फाने तर अजिबात नाही. ऊब देणाऱ्या पुड्यांत लोखंडाची भुकटी असते, तिला हवा लागते. घट्ट मोज्यात ती तापत नाही, आणि तापली तर थेट कातडीला लावायची नाही.

ऐरोली

परत आल्यानंतरचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण आपल्याकडे सामान डोंगरात कमी आणि माळ्यावर जास्त खराब होतं. जॅकेटच्या आतल्या पॉलियुरेथेनच्या लेपाला दमट हवा खाते. जून ते सप्टेंबर प्लास्टिकच्या पिशवीत दाबून ठेवलेलं जॅकेट पाच-सहा वर्षांत आतून चिकट होतं, पापुद्रे सुटतात. ते दुरुस्त होत नाही. गॉगलचा स्पंजही तसाच भुगा होतो.

धुताना सॉफ्टनर नको, तो थेंब घरंगळवणाऱ्या लेपावर बसतो. सौम्य द्रव साबण, कोमट पाणी, दोनदा खळबळून. लेबलवर परवानगी असेल तर कमी आचेच्या ड्रायरमध्ये २० मिनिटं फिरवा, थकलेला लेप बराचसा जागा होतो. चामड्याच्या तळव्याला मधमाशीच्या मेणाचं मलम चोळा. हातमोजे हीटरवर किंवा बुखारीला (काश्मिरी शेगडीला) टेकवून वाळवू नका, चामडं तडकतं आणि आतला गोंद सुटतो, म्हणजे वर येऊरकरांनी लिहिलेलं अस्तर उलटण्याचं दुखणं तिथूनच सुरू होतं. बोटांत वर्तमानपत्राचे बोळे घाला, दोन तासांनी बदला.

मग सुती पिशवीत, सैल, सिलिका जेलच्या पुड्यांसह, कपाटाच्या वरच्या खणात. ऑक्टोबरच्या पहिल्या कोरड्या आठवड्यात एक दिवस पंख्याखाली पसरून ठेवा, उन्हात नाही, आणि तेव्हाच बादलीची चाचणी पुन्हा करा. काही फुटलेलं निघालं तर जानेवारीपर्यंत बदलायला वेळ राहतो.